पीआर की नागरिकत्व? टिळक रस्त्याजवळच्या एका वकीलबाईंच्या सल्ल्याचा अनुभव

परदेशात पीआरवर, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्यावर, राहत असाल आणि पुण्यात आईवडील, घर किंवा जमीन असेल, तर नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी या वकीलबाईंकडे जाऊन या, असं मी कुणालाही सांगेन. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. त्या ओळखीतून आलेलीच कामं घेतात आणि नाव कुठे जाहीर करू नका, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. तरीही सविस्तर लिहितेय, कारण त्यांनी जे तपासलं ते तुम्ही तुमच्या ओळखीच्या कुठल्याही चांगल्या वकिलाकडून तपासून घेऊ शकता.

आमची परिस्थिती अशी. आम्ही मेलबर्नला असतो. तिघांचंही पीआर आहे, पासपोर्ट अजून भारतीय. मुलगा सतरा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाईल. आई कोथरूडला एकटी असते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी बराच काळ पुण्यातच आहे. दादा-वहिनी बाणेरला राहतात, येऊन-जाऊन असतात, पण दोघांच्याही नोकऱ्या आहेत. भोरजवळ बाबांची भातशेती आहे. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. नवऱ्याचं गाव जुन्नरकडचं. त्याच्याही नावावर थोडी शेती आहे, आणि निवृत्तीनंतर परत येऊन तिथे आणखी जमीन घ्यायची हे त्याने लग्नाच्या आधीपासून ठरवलेलं आहे.

इतकी वर्षं नागरिकत्वाचा विषय आम्ही पुढे ढकलत होतो, कारण पीआरवर रोजच्या जगण्यात काही अडत नाही. मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा मिळते, नोकरी करता येते, घर घेता येतं, मूल सरकारी शाळेत जातं. अडतं ते पुढे, आणि आमच्या बाबतीत दोन गोष्टी यंदा एकदमच समोर आल्या. ऑस्ट्रेलियाचं पीआर तुम्ही तिथे असेपर्यंत कायम असतं, पण बाहेर जाऊन परत येण्याची मुभा पाच वर्षांचीच असते. ती संपली की रेसिडेंट रिटर्न व्हिसा काढावा लागतो. तो पाच वर्षांसाठी हवा असेल, तर मागच्या पाच वर्षांपैकी एकूण दोन वर्षं तिथे काढलेली असावी लागतात. आईजवळ राहायचं म्हणजे हा हिशेब सतत डोक्यात. दुसरी गोष्ट मुलाच्या फीची. पीआर असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी अनुदानाची जागा मिळते, पण हेक्स-हेल्प हे शिक्षणकर्ज आमच्यासारख्या पीआरवाल्यांना मिळत नाही. फी दर सत्राला आपण भरायची. तोच मुलगा नागरिक असेल तर फी त्याच्या नावावर कर्ज म्हणून जाते, आणि पुढे पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की हळूहळू वळती होते.

आधी मी एका मोठ्या कन्सल्टन्सीत गेले होते. नाव देत नाही. नागरिकत्व आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असं एकत्र पॅकेज होतं, आणि नागरिकत्व घ्यायचं की नाही यावर बोलायला तिथे कुणाला वेळ नव्हता. शेतजमिनीचं विचारलं तेव्हा उत्तर आलं की नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी ती विकून टाका, परदेशी नागरिकाच्या नावावर शेती राहूच शकत नाही. दादालाही कुणीतरी हेच सांगितलेलं. मग घरात हक्कसोडपत्राचा विषय निघाला. दादाच्या मनात काही वाकडं नव्हतं, जमीन अडकेल अशी त्याला खरोखर भीती वाटत होती. पण ज्या बांधावर मी बाबांबरोबर लहानपणापासून फिरले, तिथला हक्क घाईघाईत सोडायचा या कल्पनेने माझी झोप उडाली. आई तर माझ्याशी या विषयावर बोलायलाच तयार होईना.

वकीलबाईंचं नाव आईच्या फिजिओथेरपिस्टने दिलं. टिळक रस्त्यावरून आत गेलं की जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. दोन टेबलं, लोखंडी कपाटं, भिंतीला टेकवलेले दस्तांचे गठ्ठे. मी पासपोर्ट, पीआरची कागदपत्रं, सगळं फाइलला लावून नेलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "सातबारा आणलाय का? आठ-अ? वारसाचा फेरफार?" सातबारा फोनवर होता. तो त्यांनी तिथेच छापून घेतला आणि पट्टी ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचली. गट नंबर, क्षेत्र, भोगवटादाराची नावं, इतर हक्क, फेरफाराचे नंबर. बाजूला पिवळ्या कागदावर आजोबांपासून आमची वंशावळ काढत होत्या. हे सगळं होईपर्यंत ऑस्ट्रेलियाचा शब्दही निघाला नव्हता.

मग त्यांनी कायदा सांगितला, आणि तो अगदी सरळ निघाला. फेमा या परकीय चलनाबाबतच्या कायद्याच्या कलम ६(५) नुसार, भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहणारी व्यक्ती ठेवू शकते. बाबा आयुष्यभर इथेच राहिले, त्यांच्याकडून मला वारशाने जमीन आली, ती पासपोर्ट बदलल्याने जात नाही. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फार्महाउस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र घेता येते. पुढे विकायची किंवा बक्षीस द्यायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच देता येते. म्हणजे दादाला द्यायची असेल तर दहा वर्षांनीही देता येईल. "भीतीपोटी हक्कसोड करू नका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तोच मुद्दा एका पानावर मराठीत लिहून दिला. ते पान मी घरी नेऊन दादापुढे ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं, आणि तो विषय त्या संध्याकाळी मिटला. माझ्यापुरती त्यांची फी तिथेच वसूल झाली.

मग त्यांनी एक दोष शोधला तो माझ्या नावात. सातबाऱ्यावर माझं नाव बाबांच्या नावासह माहेरच्या आडनावाने, पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासह सासरच्या आडनावाने. विवाह नोंदणीच्या दाखल्यात दोन्ही नावं आहेत, पण आमच्या दाखल्यात बाबांच्या नावाचं स्पेलिंगच वेगळं होतं. आज याने काही बिघडत नाही. उद्या जमिनीचा कुठलाही व्यवहार करताना तलाठ्यासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर परदेशी पासपोर्ट घेऊन उभी राहिले, तर ही आणि ती एकच बाई हे सिद्ध कसं करणार? म्हणून भारतीय पासपोर्ट हातात असतानाच प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद करून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हे काम मी सुरू केलंय. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी, पीआरवर असोत वा नसोत, आपले कागद एकदा समोरासमोर ठेवून पाहावेत.

ओसीआयबद्दल लोकांच्या बोलण्यात फार गोंधळ असतो. ते दुहेरी नागरिकत्व नव्हे, हे त्यांनी मला जवळजवळ दटावूनच सांगितलं. राज्यघटनेचा ९ वा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं ९ वं कलम यांनुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. कितीही दिवस राहा, पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत नाही, फ्लॅट घेता येतो, बहुतेक नोकऱ्या-व्यवसाय करता येतात. पण मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा कामांना वेगळी परवानगी लागते. त्या तारखेनंतर ओसीआय घेतलेल्या मुलांना नीट आणि जेईईत एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. आमच्या मुलाला इकडे शिकायचं नाही, पण एखादीच्या मुलीने उद्या ससूनच्या बी. जे. मेडिकलला यायचं म्हटलं, तर हाच नियम घराचं सगळं गणित फिरवू शकतो. शिवाय ओसीआय सरकार रद्दही करू शकतं. उलट दिशेचा रस्ताही आहे, हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. पाच वर्षं ओसीआय असलेली आणि अर्जाआधी एक वर्ष भारतात राहिलेली व्यक्ती पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते.

मताचं मला फार लागलं. मी परदेशस्थ मतदार म्हणून ६-अ फॉर्म भरून इथल्या यादीत नाव नोंदवलं आहे. या मतदारांना पोस्टाने मत देता येत नाही, पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. १३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं तेव्हा मी इथे होते. आईला रिक्षाने घेऊन गेले, आम्ही दोघींनी मत दिलं. नागरिकत्व घेतलं की हे संपणार, नाव काढण्यासाठी ७ नंबरचा फॉर्मही मलाच भरावा लागणार. वकीलबाईंनी यावर माझी समजूत काढली नाही. "ते जाणार. त्याला पर्याय नाही. किती महत्त्वाचं आहे ते तुम्ही ठरवा." मला हे आवडलं. दुसऱ्या कुणी "भावनेत अडकू नका" म्हटलं असतं. मी ठरवताना हेही धरलं की जिथे मी कर भरते, जिथल्या शाळेत माझा मुलगा शिकला, तिथल्या एकाही निर्णयात इतकी वर्षं माझं मत नाही. तिथे मतदान सक्तीचं आहे, केंद्रीय निवडणुकीत न केल्यास वीस डॉलर दंड होतो. तिथे मी मत देईन आणि मनापासून देईन. पण कोथरूडच्या रांगेत आईच्या मागे उभं राहण्याची जागा ते घेणार नाही, हेही खरं आहे.

करांबाबत त्यांनी एक गैरसमज काढून टाकला. व्हॉट्सॲपवर फिरणारे इशारे बहुतेक अमेरिकेचे असतात. अमेरिका आपल्या नागरिकांवर आणि ग्रीनकार्डधारकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर लावते. ऑस्ट्रेलियात तुम्ही राहता कुठे यावर कर ठरतो, पासपोर्ट कोणता यावर नाही. त्यामुळे आमच्या निर्णयात कराचा मुद्दा फारसा उरला नाही. अमेरिकेत असाल तर तो तुमच्यासाठी मोठा मुद्दा आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट तिथे वजनदार ठरते. ग्रीनकार्डवर आईवडिलांना कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज करता येत नाही, एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला करता येतो. देश बदलला की प्रश्न बदलतो. मैत्रिणीने कॅनडात काय केलं ते ऐकून मेलबर्नचा निर्णय घेऊ नये.

सगळ्यात मोलाचं बोलणं दुसऱ्या बैठकीत झालं. नवरा फोनवर होता. आम्ही दोघंही "आपण घ्यायचं की नाही" असंच बोलत होतो. वकीलबाईंनी थांबवलं. "एका घरातल्या सगळ्यांनी एकच पासपोर्ट घ्यायला हवा असं कुठे लिहिलंय? तिघांची गरज वेगळी आहे, तिघांचं वेगळं बघा." महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि नवरा खातेदार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी, आहे. आज अनिवासी असल्यामुळे तोही नवीन शेती घेऊ शकत नाही, पण कायमचा परत आला की भारतीय नागरिक म्हणून घेऊ शकेल. ऑस्ट्रेलियन झाला तर हे दार बंद. मुलाला कर्जासाठी नागरिकत्वाचा थेट उपयोग आहे, आणि जमिनीच्या वारशाच्या दृष्टीने त्याचं ओसीआय वेळेवर काढलं की झालं. आणि मी? मला आईसाठी पुण्यात हवं तितकं राहायचंय. पीआरवर इथे राहिले तर तिकडे परतण्याची मुभा हातातून जाते. नागरिक झाले तर ऑस्ट्रेलियात कधीही परत जाता येतं आणि ओसीआयवर पुण्यात कितीही राहता येतं. आईजवळ निर्धास्त राहता यावं म्हणून मला भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार, हे ऐकून मी गप्प झाले. पण त्यात चूक काढता येईना.

अर्थात ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळवायला आधी तिथे राहावं लागतं. चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर, चार वर्षांत एकूण बारा महिन्यांहून जास्त बाहेर नको, आणि अर्जाआधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांहून जास्त बाहेर नको. आईच्या ऑपरेशनमुळे माझी नव्वदी केव्हाच ओलांडली आहे. मुलगा मात्र शाळेमुळे बापाबरोबर तिथेच होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्वतंत्रच अर्ज करावा लागतो आणि अठराच्या आतल्यांना परीक्षा नसते. म्हणून आधी त्याचा अर्ज जाईल. युनिव्हर्सिटीत प्रत्येक विषयाची एक सेन्सस डेट असते, त्या तारखेला नागरिक असेल तरच त्या विषयाला कर्ज मिळतं. त्यामुळे घाई त्याची आहे, माझी नाही. मी आई नीट चालायला लागली की परत जाणार आणि नव्वदीचं गणित बसलं की अर्ज करणार. नवरा भारतीयच राहणार.

शपथेनंतरच्या काळाबद्दल त्यांनी दिलेली सूचना घरी वृद्ध आईवडील असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. शपथ घेतली त्या क्षणापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. आधी ऑस्ट्रेलियन पासपोर्ट काढायचा, मग भारतीय जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा अर्ज. या मधल्या काळात पुण्याहून फोन आला तर व्हिसा काढूनच यावं लागेल. म्हणून आईची तब्येत स्थिर असताना शपथेची तारीख पडेल असं पाहा, आणि पासपोर्टचा अर्ज शपथेनंतर लगेच करा. जमा केलेला पासपोर्ट रद्द होऊन परत मिळतो. तो टाकून देऊ नका, जुने दस्त त्याच्याच नंबरवर आहेत.

आता उणिवा. ईमेलला उत्तर आठ-आठ दिवस येत नाही, फोनच करावा लागतो. त्यांच्याकडून आलेल्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात आईचं नाव चुकलं होतं. मी वाचलं म्हणून सापडलं, लगेच दुरुस्त करून दिलं. इमारतीला लिफ्ट नाही, जिने उभे आहेत, आईसारख्या कुणाला वर नेणं शक्यच नाही. मग त्या स्वतः कोथरूडला घरी येऊन आईशी बोलल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. गाडी लावायला जागा नाही. आणि ऑस्ट्रेलियाकडचा अर्ज त्या भरत नाहीत. "ते माझं काम नाही, तिकडच्या नोंदणीकृत एजंटकडे जा किंवा स्वतः भरा," असं स्वच्छ सांगतात. मला हा गुणच वाटला, पण सगळं एका छताखाली हवं असेल त्यांची निराशा होईल.

फी एका बैठकीची तीन हजार, पावती मिळते. लेखी मत आणि दस्तांचे पैसे वेगळे, पण आधी आकडा सांगतात. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. इतक्या लोकांना तिकडचा अर्ज भरून देणारी ऑफिसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. इकडे मागे काय राहतं हे ओळीवर पट्टी ठेवून वाचणारं माणूस मला एकच भेटलं.

जाणार असाल तर सातबारा आणि आठ-अ अलीकडचे न्या, वारसाचा फेरफार, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, फ्लॅटचा इंडेक्स दोन आणि घरातल्या सगळ्यांचे जुने-नवे पासपोर्ट न्या. नवरा-बायको दोघांनी एकत्र बसा, एक जण परदेशात असेल तर फोनवर तरी घ्या. मूळ कागद दाखवून लगेच परत घ्या. त्या स्वतःही एकही मूळ कागद ठेवून घेत नाहीत.